परांची आणि दोर : चढण्याआधीचा विचार

(संस्थेच्या भंडारदरा येथील विद्यार्थी-पालक शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी परांचीवर बोलेन असे कळविले. परांची म्हणजे इमारतीच्या बाहेरून बांबूंचा किंवा लोखंडी पाइपांचा जो सांगाडा उभा करतात तो. कोणी त्याला पहाड म्हणतात, आपल्या घरांतून पाड हा शब्दही ऐकू येतो. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग आणि स्पर्धा परीक्षा सोडून या गृहस्थांनी हा कसला विषय काढला, असे काहींना वाटले असेल. त्याचे कारण सांगतो. आपल्या समाजात रंगारी आहेत, प्लास्टर करणारे आहेत, पी.ओ.पी.चे कारागीर आहेत, वेल्डिंग व फॅब्रिकेशन करणारे आहेत, सेंटरिंगवर जाणारे आहेत. कोणी पुण्यास, कोणी नाशकास, कोणी थेट आखातात. यांतील प्रत्येकजण दिवसातून दहा वेळा दुसऱ्याने बांधलेल्या परांचीवर चढतो. त्या कामाची मजुरी घरात येते, पण त्या कामाची माहिती घरात येत नाही. ती थोडीफार यावी, एवढाच आजचा हेतू आहे.

भंडारदऱ्याची भिंत

सकाळी आपण धरण पाहून आलो. प्रवरा नदी अडवणारी ही दगडी भिंत १९१० साली बांधावयास घेतली आणि १९२६ साली पूर्ण झाली. त्या वर्षी १० डिसेंबर रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, म्हणून कागदोपत्री तिचे नाव विल्सन धरण. भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर, म्हणजे २७० फूट आहे. एक मजला दहा फुटांचा धरला तर सत्तावीस मजले होतात. मागे साठणारे सुमारे ११ टीएमसी पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शेतीला जाते. त्या भागातील उसाचा आणि साखर कारखान्यांचा इतिहास या भिंतीपासून सुरू होतो म्हटले तरी चालेल.

सोळा वर्षे ही भिंत वर चढत होती, आणि तिच्याबरोबर माणसेही चढत होती. भिंतीला गव्हर्नरसाहेबांचे नाव मिळाले, गवंड्यांची आणि बिगाऱ्यांची नावे आज आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत.

पुढे १९६९ साली याच धरणाला तडे गेल्याचे व मोठी गळती होत असल्याचे आढळले. तेव्हा मागील अंगाने, म्हणजे खोऱ्याच्या बाजूने, टेकू-भिंती उभारून धरणाला आधार देण्यात आला. विद्यार्थी मित्रांनो, या ठिकाणी थोडे थांबून विचार करा. नवी भिंत बांधताना भिंत स्वतःच पायाखाली वाढत जाते. दुरुस्तीच्या वेळी मात्र भिंत पूर्ण उंचीची उभी असते, तिचा पृष्ठभाग ओला असतो, आणि कामगाराला तिच्या बाहेरून, हवेत, उभे राहावयाचे असते. म्हणून उंच जागी दुरुस्ती करावयाची असली की पहिला प्रश्न सिमेंटचा किंवा दगडाचा नसतो. माणूस उभा कोठे राहणार, आणि सामान त्याच्यापर्यंत कसे पोहोचणार, हा तो प्रश्न असतो. पहिल्याचे उत्तर परांची आणि दुसऱ्याचे उत्तर दोर. हे दोन्ही नीट ठरविल्याशिवाय कुशल गवंडीही काही करू शकत नाही.

अकोले तालुक्याच्या याच टोकाला पुढे घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. त्याची दोन्ही धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत आणि या पद्धतीची ती देशातील पहिली होत. म्हणजे बांधकामाची रीत बदलली, यंत्रे आली, वीजगृह डोंगराच्या पोटात गेले. पण उंचीवर उभा राहणारा माणूस आणि दोराला लटकणारे ओझे, या दोन गोष्टी १९१० सालीही होत्या आणि आजही आहेत.

तात्पुरती म्हणून दुर्लक्षित

इमारत पूर्ण झाली की परांची उतरवतात आणि लोक तिला विसरतात. ती उरणार नसते, म्हणून तिच्यावर खर्च करणे मालकाला जिवावर येते. “चार दिवसांसाठी तर हवी आहे”, हे वाक्य मी निरनिराळ्या कामांवर इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा हिशेब नाही. परांची चार दिवसांची असते हे खरे, परंतु तिच्यावरून पडल्याचे परिणाम जन्माचे असतात. वीस फुटांवरून माणूस पडला तर जमिनीवर येण्यास एक सेकंदाहून थोडासाच अधिक वेळ लागतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. शाळेत शिकलेल्या गतीच्या सूत्राने हे गणित आज रात्रीच करून पाहावे. सावरण्यास, ओरडण्यास, काही धरण्यास या एका सेकंदात सवड नसते. याचा अर्थ असा की बचावासाठी जे काही करावयाचे ते चढण्याच्या आधी करावयास हवे. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचे सार हेच आहे.

जमिनीवर विचारावयाचे प्रश्न

पहिला पाइप उभा करण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिली पाहिजेत.

पहिला प्रश्न : परांची कशासाठी हवी? रंगासाठी, प्लास्टरसाठी की दगड-विटांच्या बांधकामासाठी? रंगाऱ्याजवळ डबा आणि ब्रश असतो, गवंड्याजवळ विटांचा ढीग असतो. दोघांना एकच परांची चालणार नाही. लोखंडी पाइपांच्या परांचीत उभ्या खांबांतील अंतर जड बांधकामासाठी साधारण १.८ मीटर ठेवतात, हलक्या कामासाठी ते २.४ मीटरपर्यंत नेतात.

दुसरा प्रश्न : खाली जमीन कशी आहे? खडक आहे, मुरूम आहे, काळी माती आहे, की कालच भरलेला चर आहे? परांचीचा सगळा भार थोड्याशा पायांवर येतो. पाइप थेट मातीवर टेकविला तर तो खिळ्यासारखा आत जातो. म्हणून प्रत्येक पाइपाखाली लोखंडी बेसप्लेट आणि तिच्याखाली जाड लाकडी फळी हवी. विटांचे तुकडे रचून त्यावर पाइप ठेवणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. वीट फुटते आणि वरचा सगळा सांगाडा एका बाजूस झुकतो. घाटमाथ्यावर पावसाळा काय चीज आहे हे येथे राहणाऱ्यांना सांगावयास नको. सप्टेंबरात पक्की वाटणारी जमीन जुलैत पक्की असेलच असे नाही.

तिसरा प्रश्न : परांचीला धरणार कोण? उंच परांची स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही, तिला इमारतीशी जखडावे लागते. साधारणतः दर चार मीटर उंचीला आणि सहा ते आठ मीटर लांबीला एक याप्रमाणे भिंतीशी जोड द्यावे लागतात. शिवाय तिरपे पाइप लावून सांगाड्याचे चौकोन त्रिकोणांत विभागावे लागतात. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. भूमितीतील या एका गोष्टीवर परांचीची स्थिरता अवलंबून असते.

चौथा प्रश्न : आजूबाजूला काय आहे? विजेची तार किती दूर आहे? खालून रस्ता, शाळेची वाट, पाण्याचा नळ आहे काय? हातात वीस फुटी लोखंडी पाइप घेऊन वळणारा माणूस तारेचा विचार करीत नाही. तो विचार आधी कोणी तरी करून, वीज बंद करवून किंवा अंतर राखून ठेवावयास हवा.

पाचवा प्रश्न : बांधणार कोण, तपासणार कोण, आणि ‘आज चढू नका’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला? ज्या कामावर या पाचव्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येत नाही, त्या कामावर बाकीची चार उत्तरे कोणी वाचत नाही.

उभारणी आणि उतरणी

उभारणीचे नियम सोपे आहेत, पाळणे कठीण आहे. पहिला थर ओळंब्यात आणि पाणसळीत घेतल्याशिवाय दुसरा चढवू नये. खालचा अर्धा इंचाचा फरक वर गेल्यावर मोठा होतो. फळ्या किंवा लोखंडी चाली सलग बसवाव्यात, मधे पाय जाईल अशी फट नको. फळीचे टोक आधाराबाहेर फार लांब सोडले तर त्यावर पाय पडताच फळी तराजूप्रमाणे उलटते. म्हणून टोके बांधावीत. उभे राहण्याच्या प्रत्येक जागी कमरेच्या उंचीला, सुमारे एक मीटरवर, कठडा हवा. त्याच्या निम्म्यावर दुसरा आडवा पाइप हवा आणि पायाशी साधारण १५० मिलिमीटर उंचीची आडवी पट्टी हवी. कठडा वरच्या माणसासाठी असतो आणि पायाशी असलेली पट्टी खालच्या माणसासाठी, कारण तिच्यामुळे हातोडी किंवा वीट घरंगळत नाही.

चढण्यासाठी शिडीच हवी, आडव्या पाइपांवरून माकडासारखे चढणे म्हणजे मर्दुमकी नव्हे. शिडीचे गणित लक्षात ठेवा : चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि वरचे टोक उतरण्याच्या जागेच्या एक मीटर वर.

बांबूची परांची वाईट असे मी म्हणणार नाही. चांगला, पक्व, न किडलेला बांबू आणि जाणत्या हाताने बांधलेला दोर यांवर आपल्याकडच्या अगणित इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु दोर उन्हापावसात कुजतो, बांबू सुकून आकसतो आणि गाठ सैल पडते. म्हणून ती रोज हाताने हलवून पाहावयास हवी. लोखंडी परांचीही निदान आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर किंवा वादळानंतर, जाणत्या माणसाने तपासावी.

परांचीला धुळीसाठी हिरवे कापड किंवा ताडपत्री लावतात. ती लावताच परांचीचे शीड होते आणि वारा तिला ओढू लागतो. कापड लावावयाचे असेल तर इमारतीशी असलेले जोड वाढवावे लागतात, हे आधीच ठरवावे.

उतरवताना उलट क्रम असतो, शेवटी लावलेले पहिल्याने काढावयाचे. भिंतीशी असलेला जोड त्या थरापर्यंत खाली आल्यावरच सोडावा. वरून पाइप फेकू नयेत. पुष्कळ अपघात शेवटच्या दिवशी होतात, कारण त्या दिवशी सर्वांना घरी जाण्याची घाई असते.

एक हिशेब

विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब देतो. रंगकामासाठी बांधलेल्या परांचीचा एक खण २.४ मीटर लांब व १.२ मीटर रुंद आहे, म्हणजे २.८८ चौरस मीटर. हलक्या कामासाठी चौरस मीटरला दीडशे किलो भार धरला तर त्या खणावर सुमारे ४३२ किलो ठेवता येतील. रंगाऱ्यांची सुट्टी आहे म्हणून मुकादमाने तेथे गवंडी चढविले. विटा शंभर, तीन किलोंच्या एक, म्हणजे ३०० किलो. मसाल्याची चार घमेली, पंचवीस किलोंचे एक, म्हणजे १०० किलो. दोन गवंडी आणि एक बिगारी, सत्तर किलोंचा एक, म्हणजे २१० किलो. एकूण ६१० किलो झाले. परांची त्या क्षणी पडणार नाही, ती कुरकुरेल. कामगार म्हणेल, “काल पण चढलो होतो.” आणि ज्या दिवशी पावसाने पाया भिजलेला असेल त्या दिवशी ती बसेल. हे गणित सातवीच्या मुलास येते. ते त्या कामावर कोणी केले नाही, एवढाच प्रश्न आहे.

जोड कोणी काढला?

मी पाहिलेला एक प्रकार सांगतो. ते काम कोणाचे होते, कोठे होते याची नावे घेण्याचे कारण नाही. पाच मजली इमारतीला परांची व्यवस्थित बांधलेली होती. खिडक्या बसविणाऱ्यांना भिंतीशी असलेले दोन जोड आडवे येत होते. त्यांनी ते काढले, खिडक्या बसविल्या आणि निघून गेले. परांची बांधणारा तेथे नव्हता, त्याला कोणी कळविले नाही. चार दिवसांनी प्लास्टरचे काम सुरू झाले. दुपारी वारा सुटला, वरचा थर भिंतीपासून सुटून बाहेर झुकला आणि एक एकोणीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आला. तो वाचला, पण त्याच्या पाठीचा कणा गेला. तो घरातील थोरला आणि एकटा कमावता होता. त्यानंतर त्याच्या धाकट्या भावाची शाळा सुटली.

या प्रकारात अडाणी किंवा दुष्ट असा कोणीच नव्हता. खिडकीवाल्यास आपले काम करावयाचे होते. परंतु जोड काढल्यावर परांचीवर लाल पाटी लावावयाची आणि ती पुन्हा तपासल्याशिवाय कोणास चढू द्यावयाचे नाही, हा साधा नियम त्या कामावर नव्हता. आज मोठ्या कामांवर परांचीला पाटी असते. तपासलेली असेल तर हिरवी, वापरू नये अशी असेल तर लाल, आणि तपासणीची तारीख व सही. आपल्या मुलांना निदान ती पाटी वाचता आली पाहिजे, आणि पाटी नसेल तर विचारता आले पाहिजे.

खलाशांचा वारसा

आता दोराकडे वळू. जड वस्तू दोर, कप्पी, साखळी आणि विंच यांच्या साह्याने उचलणे, सरकविणे, जागेवर बसविणे या कामास रिगिंग म्हणतात आणि ते करणाऱ्यास रिगर. मात्र आपल्या देशात त्याचे जुने नाव खलाशी असे आहे. खलाशी हा मूळचा जहाजावरचा माणूस. डोलकाठी उभी करणे, शीड ओढणे, माल चढविणे-उतरविणे यांतून त्याला दोराचे आणि गाठीचे ज्ञान आले. पुढे रेल्वेने आणि पूल बांधणाऱ्यांनी तोच शब्द आणि तेच कसब उचलले.

या वारशात आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. कोकण किनाऱ्यावरचे आपले बांधव पिढ्यानपिढ्या जहाजांवर गेले. केरळात बेपूरचे मोपला खलाशी प्रसिद्ध आहेत. तेथे बांधली जाणारी मोठी लाकडी जहाजे पाण्यात ढकलण्याचे काम ते कप्प्या, दोर, लाकडी ओंडके आणि एका सुरात घातलेली साद यांवर करीत आले. ८ जुलै १९८८ रोजी केरळातील पेरुमण येथे आयलंड एक्सप्रेस अष्टमुडी सरोवरात कोसळली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. ते डबे पाण्यातून काढण्याच्या कामी या खलाशांनी केलेली मदत आजही सांगितली जाते. त्यांच्यापैकी कित्येकांनी शाळा पाहिली नसेल, पण कोणता दोर किती ओझे पेलतो आणि कोठे ओढला म्हणजे ओझे कोठे फिरते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. आजच्या खलाशास हाताबरोबर कागदही यावा लागतो, एवढाच फरक आहे.

दोराचे गणित

एक हजार किलोचे ओझे दोन पायांच्या स्लिंगने उचलावयाचे आहे. दोन्ही पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर पाचशे किलो येतात. पायांमधील कोन ६० अंश झाला की प्रत्येकावर ५७७ किलो, ९० अंश झाला की ७०७ किलो, आणि १२० अंशाला प्रत्येकावर पूर्ण एक हजार किलो येतात. कोन १५० अंश केला तर प्रत्येक पायावर १९३२ किलो येतात. म्हणजे ओझे तेवढेच, दोर तोच, पण आखूड स्लिंग पसरून लावली म्हणून ताण जवळजवळ चौपट झाला. दहावीला त्रिकोणमिती कशासाठी शिकावयाची असे विचारणाऱ्या मुलांनी हे उदाहरण वहीत लिहून घ्यावे.

दोराबाबत आणखी काही नियम सांगतो. ज्या दोरावर, शॅकलवर किंवा हुकावर सुरक्षित भाराचा आकडा नाही, त्याने माल उचलू नये. तारेच्या स्लिंगची तुटण्याची ताकद उचलावयाच्या भाराच्या निदान पाचपट असावी. तारा तुटून वर आलेला, चेपलेला, गंजलेला दोर कापून टाकावा, बाजूला ठेवून देऊ नये, कारण बाजूला ठेवलेला दोर घाईच्या दिवशी पुन्हा कामाला येतो. तारेच्या दोराला बुलडॉग क्लॅम्प लावताना क्लॅम्पचा खोबणीचा भाग भार घेणाऱ्या दोरावर आणि वळलेली सळई मोकळ्या टोकावर यावी. उलट लावले तर सळई नेमका भाराचाच दोर चेपते. असे निदान तीन क्लॅम्प हवेत.

ओझे प्रथम वीतभर उचलून थांबावे, तोल पाहावा, मग वर न्यावे. ओझ्याला एक लांब दोरी बांधून खालून ते वळण्यापासून आवरावे. क्रेनवाल्यास इशारा एकाच माणसाने द्यावा, मात्र ‘थांब’ हा इशारा कोणीही दिला तरी तो मानावा. आणि लटकत्या ओझ्याखाली कोणी, क्षणभरसुद्धा, उभे राहू नये.

पट्ट्याविषयी एक गैरसमज दूर करतो. कमरेचा पट्टा पुरेसा नाही, संपूर्ण अंगाचा हार्नेस हवा आणि त्याचा हूक डोक्याच्या वर, मजबूत जागी अडकवावयास हवा. धक्का शोषणाऱ्या दोरीचा हूक पायाशी अडकविला तर दोरीची लांबी, तिचे ताणणे आणि माणसाची उंची मिळून सुमारे सहा मीटर मोकळी जागा लागते. चार मीटरवर काम करणारा माणूस असा हूक लावूनही जमिनीवर आपटेल. हार्नेस ही शेवटची तरतूद आहे. कठडा आणि सलग फळ्या त्याच्या आधी येतात.

हे सर्व लहान कामांपुरते आहे असे समजू नका. सह्याद्रीचा हा कडा उतरला की शहापूर तालुका लागतो. तेथे सरलांबे गावाजवळ ३१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारी अवजड यंत्रणा कोसळली आणि वीस माणसे ठार झाली. हे काम महाराष्ट्रातील मोठ्यात मोठ्या कामांपैकी एक होते. यंत्र मोठे झाले म्हणजे धोका संपतो असे नव्हे. एका वेळी जाणाऱ्या माणसांची संख्या मात्र वाढते.

कायदा आणि नोंदणी

या विषयावर भारतीय मानके आहेत. परांची व शिड्या यांसाठी आय.एस. ३६९६ चे दोन भाग आहेत, लोखंडी पाइपांच्या परांचीसाठी आय.एस. ४०१४ आहे. १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला व १९९८ साली त्याखालील नियम आले. त्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षेच्या आणि सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितांनी घेतली आहे. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या.

पालकांनी एवढे तरी जरूर करावे. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. अठरा ते साठ वयाच्या ज्या कामगाराने मागील वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केले असेल, त्याची तेथे नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणास व अपघातप्रसंगी साह्याच्या योजना त्या नोंदणीवर अवलंबून असतात. घरातील कोणी या कामावर जात असेल तर त्याच्या नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला वेळीच घेऊन ठेवा. अपघात झाल्यावर दाखला मागावयास गेले तर मालक ओळखही दाखवीत नाही.

पालकांस आणि विद्यार्थ्यांस

पालकांना माझी विनंती आहे. दहावीत नापास झाला म्हणून मुलाला दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हाताखाली परांचीवर पाठवू नका. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तर नाहीच नाही. हे काम हलके नाही, पण शिकून केले तर मानाचे आहे. परांची बांधणारा आणि रिगर यांच्यासाठी आज प्रमाणपत्रांचे अभ्यासक्रम आहेत. आखातातील तेल आणि वायूच्या मोठ्या कामांवर प्रमाणपत्र नसलेल्या माणसास ओझ्याचा दोर बांधू देत नाहीत, तेथे तो हेल्परच राहतो. दोघे एकाच विमानाने जातात, एकाच खोलीत राहतात, पण दोघांच्या पगारात आणि दोघांच्या जिवाच्या जोखमीत अंतर पडते. ते अंतर काही महिन्यांच्या शिक्षणाचे असते.

माता-भगिनींनाही सांगावेसे वाटते. मुलगा किंवा पती कामावरून आला म्हणजे मजुरी किती मिळाली हे आपण विचारतो. त्याबरोबर, “तुमच्या परांचीला कठडा आहे का? पट्टा दिला का?” हेही विचारा. घरातून विचारलेला प्रश्न माणसाच्या मनात दिवसभर राहतो. आणि मुलींनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये. परांचीचा आराखडा काढणे, भाराचा हिशेब करणे, सुरक्षा-अधिकारी म्हणून सही करणे ही कामे बुद्धीची आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही इंजिनिअर होतील, काही ठेकेदार होतील. ठेकेदार झालात तर अंदाजपत्रकात परांचीसाठी वेगळी ओळ ठेवा, ती नफ्यातून काढू नका. इंजिनिअर झालात तर परांचीची तपासणी खाली उभे राहून करू नका. आणि कारागीर झालात तर, ज्या परांचीची खात्री नाही तिच्यावर चढण्यास नकार द्यावयास शिका. नकार देणे अवघड आहे. मुकादम म्हणेल, “तुला नको तर दुसरा येईल.” परंतु ज्याला जमीन, जोड, भार आणि कठडा यांची माहिती आहे त्याचा नकार नुसती कुरबूर ठरत नाही. तो बोट दाखवून सांगू शकतो की हा जोड नाही, ही फळी फुटली आहे, हे बसवा, मी चढतो. असे बोलणाऱ्या माणसास चांगला मुकादम काढून टाकीत नाही, त्याला जवळ ठेवतो.

उद्या सकाळी परतीला निघण्यापूर्वी आपण पुन्हा एकदा धरणाच्या पायथ्याशी जाणार आहोत. प्रत्येकाने आपल्या वहीत त्या भिंतीचे साधे चित्र काढावे आणि तीस फुटांवर दुरुस्ती करावयाची आहे असे समजून परांची कोठे टेकेल, कशाला बांधाल, सामान कसे चढवाल आणि कोणास खाली उभे राहू देणार नाही, हे लिहून शिक्षकांकडे द्यावे. पाचही प्रश्नांची उत्तरे यावीत. मी ती वाचणार आहे.